दिवस मावळायच्या आत

राजुल गेली, त्याच्या नवव्या दिवशी
तिच्या खोलीत हेल्मी आली.
अर्धं कपाट मी मोकळं करून ठेवलं होतं.
तिनं त्यातलंही अर्धंच घेतलं,
उरलेल्या फळीवर एक लोकरीची टोपी ठेवली.
सांगलीत. ऑगस्टात.

हेल्मी म्हणजे त्यांच्यात मोती.
समोरच्या मगदुमांचं कुत्रं, तेही मोती.
गल्लीतल्या पोरांनी हे तिला समजावून दिलं
तर रुसायचं सोडून पायरीवर बसून हसली,
आणि आता रोज सकाळी सायकल काढताना
त्याला स्वतःच्या नावानं हाक मारते.
ते शेपूट हलवतं. त्याचं काय जातंय.

क्लबातली माणसं याला एक्स्चेंज म्हणतात.
मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते,
मला देवाणघेवाण शिकवू नये कुणी.
पोतं आलं, पोतं गेलं, काटा, घट, सही.
फक्त ही घट कुठल्या रकान्यात धरायची
ते फॉर्मवर नव्हतं.

पहिल्या दिवशी न्हाणीत बादली, तांब्या दिला.
बराच वेळ आत पाण्याचा आवाज नाही.
मग दार बोटभर उघडून तिनं विचारलं,
पहिला तांब्या कुठं?
इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
पायावर, म्हटलं.
तेव्हा मलाच कळलं, मी तसंच करते.

दारात येईल त्याला ती म्हणते, हाय.
दूधवाले चौगुले म्हणतात, हाय की!
तिला वाटतं, हे उत्तर आहे.
असू दे. उत्तरच आहे ते.

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात.
विमानतळावर शेवटचं मी हेच सांगितलं पोरीला,
बाकी सांगायचं होतं ते राहिलं.
पहिल्या महिन्यात तिचा फोन, माझे रात्रीचे साडेअकरा,
तिच्या मागं खिडकीत ढळढळीत ऊन:
"आई, इथं तो मावळतच नाही. किती वेळा जेवू?"
डिसेंबरात पुन्हा:
"आई, आज तो आलाच नाही म्हणायचा.
दहाला आला, दोनला गेला."

मध्ये कधीतरी, दिवाळीच्या आधी,
मध्यरात्री पाणी प्यायला उठले तर
राजुलच्या खोलीतून रडणं, उशीत दाबलेलं.
दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला.
कुठल्या भाषेत टकटक करायची?
उभी राहिले, पायांना फरशी गार लागेपर्यंत.
सकाळी तिच्या धिरड्यावर तूप जरा जास्त पडलं.

तिच्या आईचं नाव तूला.
"तूलानं तुला विचारलंय," राजुल म्हणते,
आणि दर वेळी मला वाटतं, वाक्य अजून पुरं व्हायचंय.
ती बाई बर्फातल्या बुटांचे फोटो पाठवते,
उंबऱ्याशी दोन जोड, एक तिचा, एक आमचा.
मी तिला गच्चीत उन्हाला घातलेली टोपी पाठवली.
गेल्या रविवारी राजुल सांगत होती:
रात्रीचं ताट तूला दुपारी दीडलाच वाढते.
घड्याळ नाही बघत, खिडकी बघते.
स्वतःही बसते सोबत, भूक नसली तरी.

काल हेल्मीला मिरजेहून यायला उशीर झाला,
सतारीचा क्लास लांबला, त्यात बस बंद पडली. साडेआठ.
दाराशी उभी, चपला हातात,
मागच्या अंधाराकडं मान करून म्हणाली,
"काकू, गेला."
सूर्याबद्दल म्हणत होती.

लग्न होऊन या घरात आले त्याला एकवीस वर्षं,
आजारपण सोडलं तर दिवेलागणीनंतर
इथं गॅस पेटला नव्हता.
मी पेटवला. आमटी गरम केली.
माझं पान नव्हतं, समोर नुसती बसले.
ती भाकरी कडेनं मोडत आत येते, गोल गोल,
मधला तुकडा शेवटी.
राजुल मधूनच सुरू करते.