नाव तेच राहील

तांबट आळीत दुपारी तीनला
ठोक्यांचा आवाज जरा ओसरतो,
तेव्हा मी लॅपटॉप उघडते
दोन घंगाळं आणि एका बंबाच्या मधल्या जागेत.
शशिकांत वडके विचारतात,
‘म्हणजे नक्की काय हलवणार तू?
दुकान तर इथंच आहे.’

मी सांगते, जुनी कंपनी एकतीस तारखेला बंद होतेय.
समजा, पंधरा वर्षं भाड्यानं राहिलात,
मालकानं नोटीस दिली.
सामान बांधायचं, नव्या जागी लावायचं.
‘आणि नाव?’
नाव तेच राहील.

ते सैल होतात.
नावाचं त्यांना कळतं.
जन्मभर दुसऱ्यांच्या भांड्यांवर
ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलीत त्यांनी,
चि. सौ. कां. पासून थेट कै. पर्यंत.
भांडं कुठल्या गावी, कुठल्या माळ्यावर जाईल
कुणी सांगावं.
नाव बरोबर जातं.

बांधाबांधीत सगळ्यात आधी फुटली ती मराठी.
जुना फॉन्ट नव्या जागी कुणी ओळखेना.
पितळेची वेलांटी सुटून एकटीच पुढं उभी,
रफार भलत्याच्या डोक्यावर,
घंगाळाचं झालं दोन कंस, एक डॉलर
आणि एक बावरलेला स्वल्पविराम.
मी फोटो बघून एकेक शब्द विचारत गेले,
ते हातोडी न थांबवता सांगत गेले.
कळशी. हां. चरवी.
गडवा नव्हे, गडू.
आणि हे? झाकणाचं?
‘सट. आता कुणी करत नाही.’
काढून टाकू?
तीन ठोके.
‘असू दे.’

एकशे बारा फोटोंपैकी सतरा आलेच नाहीत.
पाहुण्यांचा आकडा होता तळाशी, आठ हजार चारशे सोळा,
त्याला नव्या जागी खुंटीच नाही.
‘जाऊ दे,’ म्हणाले,
‘त्यातला निम्मा मीच असेन.’

मग रात्री, घरी, इंदिरानगरला,
जुन्या पानाच्या पोटात एक ओळ सापडली.
कुणाला दिसू नये अशा खुणांमध्ये ठेवलेली,
रोमन अक्षरांत, घाईघाईची मराठी:
बाबांना हा रंग आवडणार नाही. तरी ठेवते.

मधुवंती. त्यांची धाकटी.
रविवार कारंज्याजवळच्या क्लासात शिकून
तिनं हे सगळं उभं केलं होतं बारावीच्या सुट्टीत.
आता होसूरला असते, कारखान्यात.
रविवारी फोन येतो, कधी नाही येत.

नवी जागा अशा ओळी घेत नाही.
पुसून टाकते, विचारतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ वाचून दाखवली.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
पडद्यावरच्या त्या केशरीकडे बघत राहिले,
कल्हईवाला भट्टीकडे बघतो तसे.
‘बोललो होतो मी तिला तेव्हा.
जास्तच बोललो.’
मग नव्या जागी कुठला रंग देऊ?
‘तोच.’
थोड्या वेळानं, भांड्यातच बघत,
‘अजून आवडत नाही मला.’

शनिवारी संध्याकाळी मी पत्ता वळवला.
म्हटलं, आता अठ्ठेचाळीस तास लागतील,
कुणाला नवं दिसेल, कुणाला जुनंच.
मला वाटलं, हे समजावणं अवघड जाणार.
ते म्हणाले, ‘त्यात काय,
गंगापूरला दरवाजे उघडले
म्हणून रामकुंडाला पाणी लगेच चढतं होय?
दुतोंड्याच्या गुडघ्याला लागेपर्यंत
माणसं पायऱ्यांवर बसलेली असतात निवांत.’

रविवारी दुकानात त्यांच्या फोनवर नवं आलं.
केशरी. सट. पंच्याण्णव फोटो.
तेवढ्यात पंचवटीतून बहिणीचा फोन,
‘अरे शशी, मला अजून जुनंच दिसतंय.
काही बिघडलंय का?’

‘नाही गं,’ ते म्हणाले.
‘दिसतंय तोवर बघून घे.’