वळसा

बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर पेन टेकवलं:
डाव्या कानाच्या वर एक करडा डाग.
"हे गेलं. हे परत यायचं नाही.
भोवतालचं मेलेलं नाही. गप्प झालंय."

आप्पा चोडणच्या मानशीवर अडतीस वर्षं होता.
मानस म्हणजे खाजनातल्या पाण्याचं दार,
बाहेरचे लोक ऐकून मन समजतात.
भरतीला फळ्या, ओहोटीला जाळं,
मधल्या वेळात भाताकडे बघत बसणं.
आता चमच्याला वल्हं म्हणतो,
मला, एकुलत्या लेकीला, फेरीबोट.
पहिल्यांदा आम्ही हसलो. मग आई आत गेली.

बुधवारी नि शनिवारी सांताक्रूझहून लॉर्ना येते.
त्याचा धडका हात टॉवेलात बांधते,
लुळ्याने आळस करू नये म्हणून.
एक वाटी, दुसरी वाटी, पन्नास चिंचोके.
सत्तेचाळीस जमिनीवर.

रात्री फोनच्या उजेडात मी वाचते:
मेलेल्या पेशी उचलून नेणारे असतात म्हणे,
मयताला न बोलावता येणाऱ्या शेजाऱ्यांसारखे.
मग कडेने चट्टा धरतो, घट्ट,
आणि त्याच्या अलीकडून बारीक धुमारे फुटतात,
कधी वाट नव्हती तिथे चाचपडत.
वाचते, आणि त्याचा श्वास मोजते.

बांध फुटला त्या वर्षी मी सातवीत.
नंतर तीन पावसाळे कोरगुटसुद्धा धड उगवलं नाही.
फुटल्या जागी नदीने विहिरीएवढं खोल खणलेलं.
"नवा बांध वाकडा का?" मी विचारलं.
"खड्ड्यावर सरळ घातला तर दर भरतीला खचेल.
त्याला राहू दे. वळसा घ्यायचा."
अजून आहे तो खड्डा. काळुंदरं मिळतात त्यात.

काल दुपारी त्याला पाणी हवं होतं
आणि पाणी सापडेना.
"ते... मानशीतलं नव्हे... ते..."
मी तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला.
शब्द हातात देऊ नका, लॉर्नाने बजावलंय.
त्याच्या कपाळावर घाम. माझ्याही.
रस्त्यावरून पोदेराचा भोंगा गेला, दूर जाऊन विरला.

"गोडं," आप्पा म्हणाला.

उजव्या हाताने तांब्या धरला त्याने.
निम्मं लुंगीवर सांडलं.