हळद लागली काय

बुधवारी रात्री पोरीनं लॅपटॉप मांडला पलंगावर,
उशीला टेकवून, तिरका.
म्हणाली, पप्पा, कार्टून आहे, दीड तासाचं.
मी नुकता यार्डातून आलेलो, हातपायही धुतले नव्हते.
म्हटलं, लाव. मला तेवढीच झोप.

कोल्ह्याचं पिल्लू होतं. हातानं काढलेलं,
कडेच्या रेघा जरा थरथरणाऱ्या,
काढणाऱ्याला थंडी वाजत असावी तशा.
आई गेलेली त्याची. मागं राहिलेली
पत्र्याची एक डबी, आणि डबीत तिचा आवाज.
झाकण उघडलं की ती नावानं हाक मारी,
आणि दर हाकेला डबी
थोडी हलकी होई.

वजनातला माणूस मी.
बावीस वर्षं हळदीचा काटा धरलाय.
राजापुरी असो, सेलम असो, पोत्याला हात लागला की सांगतो
ओल किती, माती किती.
मला लगेच कळलं, पोरीच्याही आधी,
की ही डबी रिकामी होणार.

पिल्लू शहाणं. उघडत नाही.
बर्फात, उपाशी, रुळांच्या कडेला झोपतं
डबी पोटाशी धरून, आणि उघडत नाही.
मग एका रात्री, फार काही झालेलं नसतं,
नुसता वारा असतो,
ते उघडतं.

हाक नाही. फक्त एक श्वास,
हाक मारण्याआधी माणूस घेतो तसा.

"संपलं?" सन्मतीनं विचारलं.
काळ्या पडद्यावर नावं वर सरकत होती.
मी म्हटलं, पाणी आण गं जरा.

गावभागात आमच्या भिंतीवर अजून रेघ आहे
एकोणीसच्या पुराची, स्विचबोर्डच्या वीतभर वर.
दोनदा रंग दिला, तरी उमटते.
त्या रेघेखाली टेबल होतं, टेबलाच्या खणात
माझा जुना फोन, आणि फोनमध्ये नेमगोंडा.
थोरला भाऊ. सतरा सेकंद.
"भूपाल, येताना डझनभर केळी आण,
आणि सुट्टे आण, रिक्षावाला दारात उभाय."
मागं कुकरची अर्धी शिट्टी.
तो गेल्यावर मी ते दोनदाच ऐकलं.
पुरवून पुरवून ऐकायचं ठरवलं होतं.

पाणी उतरल्यावर फोन तीन दिवस तांदळात ठेवला.
चौथ्या दिवशी तांदूळ टाकून दिला.
पंचनाम्याला आले त्यांनी लिहून घेतलं:
फ्रीज एक, कपाट एक, गाद्या तीन.
आवाजाचा रकाना नव्हता कागदात.
मीही बोललो नाही. विसरलो होतो ते,
म्हणजे विसरलो असं समजत होतो.

आणि हे कुणीतरी कुठंतरी बसून
कागदावर काढलेलं जनावर,
ज्याला हाड नाही, वास नाही,
माझ्या पलंगावर आलं
आणि माझा खण उघडून गेलं.
खरं माणूस आलं असतं भेटायला
तर मी खुर्ची दिली असती, चहा टाकला असता,
आयर्विनपाशी सत्तावन्न फूट होतं म्हणून
पाण्याचीच गोष्ट सांगत बसलो असतो.
कोल्ह्याला काय सांगणार?

सन्मती तांब्या घेऊन आली. बघितलं तिनं.
काही विचारलं नाही.
लॅपटॉपचं झाकण मात्र इतकं हळू लावलं,
आत कोणी झोपलंय जसं.

रात्री कितीदा तोंड पुसलं, मोजलं नाही.
बावीस वर्षांची हळद ही. साबणाला दाद देत नाही,
असल्या पाण्याला देते.
सकाळी यार्डात दस्तगीर पाठीवरचं पोतं टाकून
बघतच राहिला. माझ्या गालांवर
दोन पिवळे ओघळ, कानापर्यंत.
"काय भूपालअण्णा, ह्या वयात हळद लागली काय?"
अख्खी अडत हसली. मीही हसलो.
म्हटलं, लागली बाबा.

मग पोतं काट्यावर चढवलं
आणि आकडा थांबला तरी
बघतच राहिलो.
दस्तगीर म्हणाला, अण्णा, बोला की.