घरून एक पिन आणा

शुक्रवारी फळ्यावर लिहिलं होतं :
उद्या दप्तर नको. घरून एक पिन आणा.

तर शनिवारी माझ्या टेबलावर
सत्तावीस घरं उघडून पडली.
नाडी ओवायची लांब पिन.
लंगोटाची जाड, जिचं बाळ आता पहिलीत बसतं.
एक गंजलेली, फटीत तुरीचा भुसा,
पोत्याच्या तोंडाला असावी.
श्रावस्तीनं तर चपलेच्या पट्ट्यातली काढून दिली
आणि एका पायानं फटक फटक करत जागेवर गेली.
नागेश्वरीची अजून कोमट होती,
मायच्या मंगळसूत्रातून सकाळीच सोडवलेली.
"सांजच्याला वापस पायजे म्हनली."

मणी मी जिंतूरहून आणले, पन्नास ग्रॅमच्या पुड्या,
लाल, पांढरे, निळे, हिरवे, थोडे काळे.
दुकानदारानं सहज विचारलं, मुली किती?
म्हणालो, चौदा. आणि मुलं तेरा.
त्यानं तराजू तसाच धरून ठेवला हवेत.

माझी बोटं जाड, खडूपुरती बरी.
मणी चिमटीत येतो न येतो
तोच शहाबादी फरशीच्या फटीत.
लेकरांनी युक्ती काढली :
बोट जिभेला, मग मण्याला, मग वर.
मीही तसंच करू लागलो.
त्या वेळी केंद्रप्रमुख आले असते
तर त्यांना दिसला असता
एक पगारी माणूस, गुडघ्यांवर, जीभ बाहेर.

छोट्या पिना मी दिल्या. एकीत सात मणी,
अशा पाच, घरच्या मोठ्या पिनीत शेजारी शेजारी
अडकवल्या की चित्र होतं.
चौकटीच्या वहीत मी पोपट काढून दाखवला.
पोपट कुणीच केला नाही.
अरहानच्या पाची पिना निळ्याच निळ्या,
खाली कोपऱ्यांत दोन काळे.
"हे काय रे?"
"टँकर."
"अरे, सगळे निळे तूच संपवलेस?"
"मंग रिकामा आणू का, सर?"

शेवटी पक्कड.
पिनीचं टोपण दाबलं की ती पुन्हा उघडत नाही,
मणी सांडत नाहीत, कुणाला टोचत नाही.
मी दाबत गेलो, कुट्, कुट्,
माझं मलाच बरं वाटत होतं.
नागेश्वरीनं मूठ मिटून घेतली.
तिनं माझी एकही पिन घेतली नव्हती,
मायच्याच पिनीत ओवले होते पाच मणी :
दोन लाल, एक पांढरा, दोन लाल.
"दाबल्यावर काटा कशानं काढायचा?"

मी रोज मोटारसायकलवर येतो. बुटांतून.
शाळेच्या तिन्ही बाजूंना बाभळी आहेत
हे मला पाच वर्षांपासून माहीत होतं,
म्हणजे दिसत होतं.

मंगळवारी खिचडीच्या वेळी
तिसरीतला एक जण तंगडी धरून उड्या मारत आला.
गंगासागरबाईंनी झारा ठेवला,
हात पदराला पुसले, पाय मांडीवर घेतला.
पिन आता त्यांच्या बांगडीत होती,
मण्यांसकट.
उघडली. पाची मणी तळहातावर घेतले,
मग ओठांत धरले, हात मोकळे हवेत म्हणून.
पोरगं रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.
काटा निघाला. अर्ध्या तांदळाएवढा.

मग एकेक मणी ओठांतून काढून
त्या पुन्हा ओवू लागल्या,
मागे खिचडी लागत होती, वास येत होता,
आणि पंगतीतून नागेश्वरी, तोंडात घास :
"माय, पांढरा मधी असतो."

तोंडात अजून दोन मणी होते,
त्यामुळे त्या फक्त "हूं" म्हणाल्या
आणि एक लाल मागे घेतला.