दोनदा म्हणजे पुरे

दर गुरुवारी मी झेफेरीनूच्या बोटाला सुई टोचते,
साखरेचा आकडा लिहिते,
लिओपोल्दिनाचा उजवा हात दहा वेळा उचलून खाली ठेवते
आणि निघताना हळूच कचऱ्याचा डबा उघडून बघते.
वहीत त्यासाठी रकाना नाही.
पण आलेन्तेजूच्या या वस्त्यांवर एकोणीस वर्षं गाडी हाकल्यावर
एवढं कळलंय की आकडा एखादवेळी फसवतो,
डबा नाही.

तिला झटका आला त्या हिवाळ्यात डबा भरून वाहायचा.
एका कोपऱ्यात उकरलेल्या प्लास्टिकच्या ताटल्या.
लेक लिस्बनहून पंधरा दिवसांचं एकदम आणून द्यायची,
गरम करा, खा, ताटली फेका.
तो चार घास खाई, ती दोन.
उरलेलं शेजारचं कुत्रंसुद्धा हुंगून परत जाई.
मी आहाराचा छापील कागद दिला.
पुढच्या गुरुवारी डब्यात तोच कागद,
आणि कागदावर लसणाची सालं.

मी थबकले.
या घरात लसूण कोण सोलतंय?

बुचाच्या झाडांत जन्म गेलेला माणूस.
कुऱ्हाड अशी मारायची की सुटावी आणि झाडाला कळू नये.
साल काढायची, उघड्या खोडावर साल लिहायचं,
मग नऊ वर्षं हात लावायचा नाही.
एवढा धीर त्याच्याकडे होता,
पण चुलीपुढे तो कधी उभा राहिला नव्हता.
बावन्न वर्षांत तिनं कृती सांगितली नाही,
त्यानं विचारली नाही,
आणि आता विचारावं तर तिची जीभ जागची हलेना.

मग त्यांचं असं ठरलं:
ती खिडकीपाशी, डाव्या हातात लाकडी चमचा.
टेबलावर एकदा टक म्हणजे अजून.
दोनदा म्हणजे पुरे.
जोरात आपटला, तर गाढवा, करपतंय.

दारामागच्या कापडी पिशवीत आठवड्याचा पाव, दगड झालेला.
तो टाकायला निघाला होता म्हणे,
तेव्हा पहिल्यांदा चमचा आपटला.

खलात लसूण आणि जाडं मीठ.
टक टक.
(मी तीन वर्षं हेच सांगत होते, समजुतीनं, तक्त्यासकट.)
कोथिंबीर, देठांसकट. टक.
आणखी मूठभर. टक.
ऑलिव्हचं तेल. उकळत्या पाण्यात अलगद सोडलेली दोन अंडी,
तेच पाणी त्या हिरव्या वाटणावर,
आणि पाव मोडून आत.
याला ते असोर्दा म्हणतात. मूठभर गरिबी, वास मात्र गावभर.
पहिल्या दिवशी लापशी झाली.
ती अर्ध्या तोंडानं हसली,
आणि दोघांनी ती लापशी संपवली.

जूनमध्ये अंगणातल्या फरशांच्या फटींतून घोळ उगवली.
तो दरवर्षीसारखा औषधाचा पंप घेऊन निघाला.
आतून काचेवर चमचा.
"हे? हे खायचं?"
टक.

आकडा उतरलाय. फार नाही.
रविवारी तो अजून अंजिराचा केक खातो
आणि गुरुवारी माझ्या नजरेला नजर देत नाही.
लेकीच्या ताटल्यांत आता कोथिंबिरीची रोपं.
डब्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही,
अंड्यांची टरफलंसुद्धा लिंबाच्या बुंध्याशी गेली.
सवयीनं बघते, इतकंच.

गेल्या गुरुवारी त्यानं तीन वाडगे मांडले.
मी म्हटलं, घाईत आहे,
गाडीत सँडविच आहे, पंपावरून घेतलेलं.
चमचा असा आपटला की मापाचं यंत्र हललं.
बसले. उभ्याउभ्या जेवायची सवय,
तोंड पोळलं.
शेवटी वाडग्याच्या तळाशी थोडं हिरवं पाणी राहिलं,
पावाचा एक कण त्यात तरंगत होता.
मी पिशवी उचलली, उठले.

टक.