अर्धा मिली

मायाक्का रडली नाही.
सुई आत गेली, शीर सापडेना म्हणून पुन्हा फिरवली,
तरी ती भिंतीकडं बघत राहिली,
जिथं ओलीनं पोपडा धरला होता.
पोपड्याकडंच बघत होती, हे मला नंतर कळलं.

जत, ग्रामीण रुग्णालय, रात्रीचे सव्वाअकरा.
वय वर्षं चार, वजन साडेनऊ किलो.
डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली
आणि बोट जरा जास्तच वेळ तिथं ठेवलं.
आत तांदूळ धुतलेल्या पाण्याचा रंग.

कागदावर नऊ तपासण्या.
चौदा वर्षं मी रक्त काढते,
किती काढलं याचा हिशेब कुणी मागत नाही.
पण त्या नऊ ओळी वाचताना वाटलं,
ज्या घरात पीठच नाही
तिथंच रोज वाटी घेऊन जाणारी
शेजारीण आहे मी.

"सर, यातल्या कुठल्या नकोत?"
त्यांनी वर बघितलं. चहावर साय धरली होती.
पेन घेऊन पाच खोडल्या.
मग थांबून आणखी एक.
मी मोठी बाटली ठेवली, छोटी घेतली,
जांभळ्या टोपणाची, अर्धा मिली.

काचपट्टीवर पसरलं
तर लाल म्हणावं असं नव्हतंच ते.
दुर्बिणीखाली पेशी लहान, फिकट,
चाटूनपुसून ठेवलेल्या वाट्या.
हिमोग्लोबिन तीन पूर्णांक आठ.
एरवी यंत्राला शिव्या दिल्या असत्या.

रत्नव्वा दारात उकिडवी बसलेली.
"माती खाती वो ही. चुलीची, कौलाची, भिताडाची.
मारलं तरी खाती."
आपल्यात माती खाल्ली म्हणजे
कुणाचंतरी चुकलेलं असतं.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.
मेंढरं कऱ्हाडाकडं, नवरा मेंढरांमागं,
ही सहा महिन्यांची पोटुशी,
हिचे ओठही लेकीसारखेच.
"ताई, तुमचीपण पापणी बघू."
"माझं काय घिऊन बसलाय," म्हणाली,
पदर पुढं ओढला.

रक्त मिरजेहून आलं, पहाटे चारला,
थर्मोकोलच्या डब्यात.
सबंध वाट डबा मांडीवर धरला, दस्तगीर शपथेवर सांगत होता.
मग गाडी कोण चालवत होतं रे?
त्या रात्री तेवढंच एकदा हसलो.

पिशवीकडं बघत रत्नव्वा म्हणाली,
"बाईचं हाय का बाप्याचं?"
लेबलावर नुसता नंबर.
मी तोच वाचून दाखवला.
तिचे ओठ हलले, एकदा, दोनदा,
पाठ करावा तसे.

चार तास. घाई चालत नाही,
पाण्यासारखं रक्त हाकून हाकून
काळीज आधीच दमलेलं.
वासंती सिस्टर नाडीवर बोट ठेवून थेंब मोजत होती.
माझी ड्युटी संपली होती. गेले नाही.
साडेआठला मायाक्कानं बिस्किट मागितलं,
आणि मोडकं दिलं म्हणून फेकलं.

घरी जाताना बाटली, जंताची गोळी.
शी काळी होईल, भिऊ नका.
जेवणावर चहा पाजू नका. लिंबू पिळा.
मागं एका घरात काळ्या शीला भिऊन
बाटली उकिरड्यावर गेली होती.
ते पोर पुन्हा आमच्याकडं आलं, उशिरा.
हे तिला सांगितलं नाही,
कागदावर कोळशासारखा ठिपका काढला
आणि शेजारी हसरं तोंड.
अक्षर येत नव्हतं तिला. ठिपका कळला.

साडेतीन महिने झाले.
बाजारादिवशी रांगेत ओल्या घोंगडीचा वास आला.
रत्नव्वाच्या पदरात पंधरा दिवसांचं,
मागं मायाक्का.
मला बघितलं आणि जी किंचाळली
की औषधाच्या खिडकीतली माणसं वळली.
टेबलाखाली शिरली,
दस्तगीरच्या मनगटाला चावली,
लाथेनं टोपणांचा डबा उडवला,
जांभळी, लाल, सगळी फरशीभर.
तिघांनी धरावं लागलं
अर्ध्या मिलीसाठी.

नऊ पूर्णांक चार.
अजून कमीच आहे, म्हटलं, बाटली थांबवू नका.
मी गुडघ्यावर बसून टोपणं वेचत होते.
वर बघितलं तर
रत्नव्वानं बाळ मायाक्काच्या मांडीवर दिलेलं,
आणि स्वतः स्टुलावर बसून
बाही वर सारत होती.