पेटी एक्केचाळीस, रीळ सात

सफरचंदाच्या फोडी सुकवायचं यंत्र आहे आमच्याकडे,
तळघरात, जिन्याखाली.
त्यात आम्ही टेपा भाजतो.
हसू नका. जुन्या फितीचा डिंक ओलावतो,
ती स्वतःलाच चिकटून बसते,
मग आठ तास मंद ऊब द्यावी लागते,
बाळंतिणीला शेक द्यावा तशी.
त्यानंतर बोलते. फार तर महिनाभर.
मग पुन्हा मुकी.

तळघरावर कचेरी, कचेरीमागे डोंगर,
डोंगराच्या पोटात कोळसा होता, तो संपला.
केंटकीच्या या घळीत विकण्याजोगी उरलीय
ती शांतता, आणि तिला गिऱ्हाईक नाही.

पेटी एक्केचाळीस, रीळ सात.
ऑक्टोबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
शहरातून आलेल्या कुणा तरुणाचं टोकदार अक्षर:
‘बँजो, पाच तारा, घरी केलेला, कातडं मांजराचं.
गाणं समुद्रापलीकडचं. अपुरं.
गाणारी: एक बाई.’
मांजराची चौकशी केली पठ्ठ्यानं,
बाईचं नाव विचारायचं राहिलं.

गाण्यात जहाज आहे, बंदरावर थांबलेली मुलगी आहे,
आणि गाणारीनं जन्मात समुद्र पाहिलेला नाही.
‘लाट’ म्हणताना कळतं ते:
ती लाट चढणीसारखी म्हणते,
दम लागतो तिला, मग उतार.
सहावं कडवं. सातव्याचा पहिला शब्द,
आणि थांबते.
खुर्ची सरकते. फीत नुसती फिरत राहते.

मी साफसफाई केली. कामच ते माझं.
विजेची गुणगुण काढली, कुत्रं काढलं,
चुलीची तडतड दाबली,
आणि चार मिनिटं बारा सेकंदांवर
एक बारीक, लांब शिट्टी होती,
यंत्राची खोड असणार,
तीही पुसली.
कार्डावर लिहिलं: ‘दोष: शिट्टी. काढला. उत्तम प्रत.’

मार्चमध्ये होबर्ट स्टिडम आला.
नाकाशी नळी, मागे चाकांवरचा ऑक्सिजन,
तेरा पायऱ्या उतरायला पाव तास.
ग्रेसी फोर्ककडच्या टेपा इथं आहेत, असं कुणीतरी सांगितलेलं.
मी हेडफोन लावून दिला.
पहिल्या ओळीलाच ‘आई’ म्हणाला,
ती शेजारच्या खोलीत असावी तसा.
सहाव्या कडव्यानंतर मान वर केली.
‘भोंगा कुठं गेला?’

कसला भोंगा?
‘खाणीचा. अवेळी वाजला.
म्हणून तर उठली ती. अनवाणी धावली.
तो पोरगा यंत्रापाशी बसलेला, मी नऊ वर्षांचा,
दोघं एकमेकांकडे बघत.
त्यानं मला च्युइंगम दिलं.’
मग नळी सारखी करत बराच वेळ नुसता श्वास.
‘बाबा आले संध्याकाळी. रॅन्सम काका नाही,
नेपियरांकडचे दोघं नाहीत.
पुढं गायची ती. पण हे नाही.’

सातव्यात काय होतं, मी विचारलं.
विचारायला नको होतं, पण विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
‘मुलगी घरी जाते वाटतं.
किंवा जात नाही.’

तोवर महिना उलटला होता.
फीत पुन्हा भाजावी लागली.
दरवेळी तपकिरी पूड सुटते,
थोडं गाणं बोटांना लागतं, ते धुऊन टाकावं लागतं.
रात्रभर यंत्र घुमत राहिलं, मी शेजारी डबा खाल्ला.

पहाटे काहीही न पुसता ऐकलं.
भोंगा आला. कुत्रं आलं.
दार, मग पायऱ्यांवरून पळती पावलं,
आधी ऐकूच आली नव्हती मला,
आणि फीत संपता संपता
कुणीतरी चांदीचा कागद सोलतंय.

नवं कार्ड केलं.
‘गाणारी: ऑर्लीना स्टिडम.’
‘अपुरं’वर रेघ मारायला पेन उचललं, ठेवून दिलं.
‘दोष’ मात्र खोडला.
भोंगा कुठल्या रकान्यात लिहायचा
ते अजून ठरत नाही.

कुत्र्याचं नाव बगल.
जिना चढताना, सातव्या पायरीवर थांबून,
होबर्टनं आपणहून सांगितलं.
तेही लिहिलंय.